निवडुंगाच्या मळ्यातून

ओआहाकाजवळचं आपलं गाव
सान मिगेलचा सण झाल्यावरचा मंगळवार, सन १५७८

चि. बाल्तासारला इनेसअक्काचे अनेक आशीर्वाद.

बोलतेय मी, लिहितोय देवळातला तुझा दोस्त फेलिपे. समुद्रापलीकडून, सेव्हिलहून तुझं पत्र पोचलं. तिकडे श्रीमंत लोक मिरचीचं झाड शोभेला कुंडीत लावतात, हे ऐकून अख्खं अंगण हसलं. "मग खातात काय?" आना म्हणाली. तुझ्या तोंडाची चव गेलीय म्हणतोस, म्हणून तिनंच निवडून वाळवलेल्या मिरच्या आणि मूठभर मक्याचं बी पाठवतेय. कुंडीत नको, जमिनीत लाव.

निवडुंगावर किडे यंदाही चांगले धरले. त्यांचा लाल रंग तिथल्या सरदारांच्या झग्यांवर बघून तुला रडू येतं म्हणतोस. इथे तो रंग काढायला माणसं उरली नाहीत रे. तू जहाजावर चढलास, त्याच्या पुढच्या वर्षी गावात तापाची साथ आली. नाकातून रक्त जायचं. बाबा गेले. नदीकडची आळी रिकामी झाली. तिथे आता फिरंग्यांची मेंढरं चरतात, मक्याचा कोंबसुद्धा ठेवत नाहीत.

आना वाचली. तिच्या घरातलं मात्र कुणी उरलं नाही, म्हणून मी तिला आपल्याकडे आणलं. "आल्याबरोबर लग्न करू" असं तू तिला सांगून गेलास. रोज संध्याकाळी ती बंदराच्या वाटेकडे तोंड करून बसायची.

फेलिपे म्हणतोय, "अक्का, कागद संपत आला." कागद भरपूर आहे.

"लिही," मी म्हटलं. त्यानं टाक खाली ठेवला. "हे मी कसं लिहू?"

"मग कोण लिहिणार? तिच्याशी लग्न तूच करणार आहेस ना?"

लिहिलंय बघ त्यानं. अक्षर बिघडलंय, पण खरं आहे. येत्या रविवारी लग्न. गावात लग्नाजोगी माणसं उरलीत किती? पंच म्हणाले, आणखी कुठवर थांबायचं? मग एकदा मका दळता दळता तिनं मला विचारलं, "अक्का, गेलेली माणसं परत आणतं का हो ते जहाज?"

मला हो म्हणवेना.

तिच्यावर रागावू नकोस. फेलिपेवर थोडा रागाव, त्याला बरं वाटेल.

वाट बघणारी आता मी एकटीच,
तुझी
इनेसअक्का