निरोप कोणासाठी

१० नोव्हेंबर, सकाळी साडेसहा. बंद पडलेला फोन कानाला लावून जपानी वाक्यं घोकतो आहे.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला गोदामातून उचलून ऑफिसच्या फोनवर बसवलं आहे. पलीकडे जपानी गिऱ्हाइकं. तिसऱ्या घंटेच्या आत उचलायचं, निरोप शब्दशः परत म्हणून दाखवायचा, वेळ विचारायची आणि चिठ्ठी करून ज्याची त्याच्या टेबलावर ठेवायची. त्यांचं ‘हॅलो’, म्हणजे ‘मोशी मोशी’, म्हणायचं नाही, ते घरच्यांसाठी. माझा आवाज थरथरतो. साहेब म्हणतात, अशानं गिऱ्हाईकच मला धीर देत बसेल. एक डिसेंबरच्या परीक्षेत पास झालो तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा खोकी उचलणं.

बाबांचा दमा कसा आहे? अगदी निकड असेल तरच ऑफिसात फोन कर.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

२३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

बुधवारी फोन करून बाबा गेले म्हणून सांगितलं. तू आधी जपानीत काहीतरी बोललास, मग माझंच वाक्य मला परत ऐकवलंस आणि वेळ विचारलीस. मीही वेडी, चार दहा म्हणून सांगितली. येतो म्हणाला नाहीस. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलो, मग मीच सगळं केलं. पोरगं काय म्हणालं, असं काका विचारत होते. ढसाढसा रडला, असं मीच सांगितलं.

आता परीक्षा देऊनच ये. आमचं पोरगं जपान्यांनाही गप्प करतं, असं बाबा शेजाऱ्यांना ऐकवायचे.

राग धरला नाही. वेळेवर जेवत जा.
तुझी ताई

३० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस ते मी लिहून घेतलं. बाबा गेले, चार दहा, कळवणारी बहीण. निरोप कोणासाठी, तिथे माझं नाव घातलं आणि चिठ्ठी माझ्याच टेबलावर ठेवली. मग आणखी दोन फोन घेतले. साहेब म्हणाले, आज आवाज जमला. निघताना चिठ्ठी दिसली, वाचली, तेव्हा कळलं. पण नुसतं कळलं. का आलो नाही, ते सांगता येत नाही. रोज कामावर जात राहिलो.

उद्याची परीक्षा देत नाही. नापास होईन म्हणून नव्हे. आता पास होईन, याचीच भीती वाटते. उद्या सकाळच्या गाडीनं निघतो; हे पत्र आज रात्रीच्या गाडीनं एका ओळखीच्याबरोबर पुढे पाठवतो आहे.

काकांना सांगितलंस ते तसंच राहू दे. पण आल्यावर मला रडू येईलसं वाटत नाही. दारात माणसं असतील. तेवढं सांभाळून घे.

तुझा धाकटा