ओर्साटीकडचं सूप

शुक्रवार, ८ ऑगस्ट

परीक्षितचा पुण्याहून मेसेज. दिवाळी अंकात यंदा विभाग आहे — 'माझं हॉटेल'. "ताई, तुमचं ते इटालियन! बाराशे शब्द, शेवटी एक रेसिपी. ३० ऑगस्टपर्यंत." पोरगा तिशीचा, पण संपादक चोख. तारीख आधी सांगतो, कौतुक नंतर. हो म्हटलं.

विषय सोपा आहे. सत्तावीस वर्षं दर शुक्रवारी त्र्यंबक आणि मी ओर्साटीकडे जेवतो. लाल रेक्झिनची बाकं, भिंतीवर प्लॅस्टिकची द्राक्षं, चौकड्यांचा टेबलक्लॉथ — तोही प्लॅस्टिकचाच. भोवतालचं नोव्हाय, डेट्रॉइटजवळचं हे आमचं गाव, किती बदललं, डोसेवालेच चार झाले. ओर्साटी आहे तसं. जोन सत्तरी ओलांडून अजून स्वतः वाढते. तिच्यासाठी मी 'हनी', त्र्यंबक 'प्रोफेसर'. आयुष्यभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले त्याने, पण चष्म्यामुळे प्रोफेसर!

आज जेवताना लेखाचं सांगितलं. म्हणाला, "माझं नाव टाकशील ना?"

"वागणुकीवर आहे."

सोमवार, ११ ऑगस्ट

सकाळी बसून सातशे शब्द झाले. मग अडले. मी शाकाहारी का, हे लिहायचं का?

लिहिलं तर असं लिहावं लागेल — अबोली एकतिसाव्या आठवड्यात झाली. वजन दीड किलोसुद्धा नाही. काचेच्या पेटीत, नाकात नळी. मी वेंगुर्ल्याची, बांगडा नसेल तर जेवलो असं न मानणाऱ्या घरातली. त्या पेटीशेजारच्या खुर्चीत बसून म्हटलं, ही वाचली तर मासे-मटण पुन्हा तोंडात घालणार नाही. वाचली. मी घातलं नाही. एकोणतीस वर्षं होतील ऑक्टोबरमध्ये.

आता तीच पोर तिच्या घरी, विमानाने जावं लागतं इतक्या लांब चँडलरला, सातव्या महिन्यात आहे. बी.पी. चढतंय. डॉक्टरांनी घरी झोपवून ठेवलंय. नको — हे दिवाळी अंकात नको. मी दर शुक्रवारी घेते त्या भाज्यांच्या सुपाची, मिनेस्ट्रोनेची, रेसिपी द्यावी आणि संपवावं.

मंगळवार, १२ ऑगस्ट

दुपारी ओर्साटीत गर्दी नसते. जोनने आतून पत्त्याएवढं पिवळं कार्ड आणून दिलं — मालक फ्रँकच्या आईच्या हातचं. पहिलीच ओळ: बैलाच्या नळीची हाडं, चार तास मंद आचेवर.

मी पुन्हा वाचलं. म्हटलं, "जोन, यात मीट नसतं म्हणाली होतीस."

"देअर इजन्ट, हनी! वी टेक द बोन्स आउट."

तिचा चेहरा इतका स्वच्छ होता! तिच्या लेखी मांस म्हणजे वाटीत दिसणारा तुकडा. तो कधीच नव्हता. मी कार्ड उतरवून घेतलं, थँक यू म्हटलं. गाडीत बसले, घरी आले.

दर शुक्रवारी एक वाटी, कधी दोन. मला कल्पनासुद्धा नव्हती.

बुधवार, १३ ऑगस्ट

घरात कुणाला सांगितलं नाही. अबोलीचं बी.पी. आज १४८.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

नेहमीसारखे गेलो. त्र्यंबकला तिथे समोर बसवून सांगायचं ठरवलं होतं. वाटलं, तो चिडेल, फ्रँकला बोलावेल, मग मला थोडं बरं वाटेल.

जोन आली. "सूप ऑर सॅलड, प्रोफेसर?"

"सॅलड."

पुढे वांग्याचं पार्मेजान मागवलं. श्रावण आहे. नागपूरचा माणूस, अकरा महिने सावजी मटणासाठी जीव टाकतो. पण आईला शब्द दिलाय म्हणून श्रावणात अंडंही नाही. तो कोबीची पानं काट्याने टोचत होता आणि मी बघत होते. गेल्या श्रावणात सॅलड. त्याच्या आधीच्या? सॅलड. "उन्हाळ्यात कोण गरम पितं," म्हणायचा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, श्रावण लागायच्या आधी, ब्याण्णव डिग्रीत वाटी चाटूनपुसून संपवली होती त्याने!

मी काही घेतलं नाही. पोट बरं नाही म्हटलं. परत येताना गाडीत विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

कशाबद्दल, हे त्याने विचारलं नाही.

"दोन हजार तेरा. नवीन शेगडी दाखवायला फ्रँकने आत नेलं होतं. पातेल्यात हाडं होती."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"त्याच महिन्यात अबोली सायकलवरून पडली होती, प्रतिमा. हात प्लास्टरमध्ये. सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? 'माझ्यामुळे झालं' हेच."

"ते मी ठरवलं असतं."

"अवं, काहून एवढं मनाला लावून घेते? सूपच तर आहे."

"सूपच आहे तर श्रावणात घे ना! तुझा श्रावण तेवढा खरा, माझा नवस खोटा?"

त्याने गॅरेजच्या दाराचं बटण दाबलं.

शनिवार, १६ ऑगस्ट

अबोलीला सांगायचं नव्हतं, बापाने आधीच सांगून टाकलं. तिचा फोन. "आई, सीरियसली? इट्स ब्रॉथ."

"तुझ्यासाठी बोलले होते मी."

"आय नो. आय नेव्हर आस्क्ड यू टू." मग, "बाबांनी मला हायस्कूलमध्येच सांगितलं होतं. वी डिडन्ट वाँट यू टू फ्रीक आउट."

वी! म्हणजे दोघं. टेबलाशी समोरासमोर बसून दोघं माझ्याकडे बघत होते, आणि मी पाव बुडवून खात होते. कितीदा एकमेकांकडे पाहिलं असेल?

मंगळवार, १९ ऑगस्ट

चँडलरचं तिकीट काढलं, २९ तारखेचं. दोघांनी जायचं ठरलं होतं. मी एकाचंच काढलं.

त्र्यंबकने स्क्रीन पाहिली. म्हणाला, "बरं."

रविवार, २४ ऑगस्ट

श्रावण संपला. त्र्यंबकने मटण आणलं नाही. सकाळी माझा चहा करून समोर ठेवला आणि उभाच राहिला.

"एक सांगू? अबोली झाल्यापासून तू स्वतःसाठी काही मागितलेलं मी बघितलं नाही. साडी नाही, ट्रिप नाही. ओर्साटीत मात्र दुसरी वाटी मागायचीस. ती मला काढून घ्यायची नव्हती."

चांगलं बोलला. तीस वर्षांत इतकं सलग बोलला नसेल. पण मी उपसंपादक होते. चांगलं वाक्य आणि खरी बातमी यांतला फरक मला कळतो. बातमी एवढीच — माझा शब्द मोडतोय हे याला माहीत होतं आणि याने मोडू दिला. मी म्हटलं, "काढून घ्यायची की नाही, हे मला विचारायचं होतंस."

"मग मी येऊ नको चँडलरला?"

"नको."

मान हलवली. कप धुऊन पालथा घातला.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. मोदक एकवीस. आरती दोघांनी म्हटली, बाकी शब्द नाही.

गुरुवार, २८ ऑगस्ट

अबोली १५२. उद्या अॅडमिट करून घेतील कदाचित. त्र्यंबक फोनवर तिच्याशी ब्रेकच्या लायनिंगबद्दल बोलत होता, तिला हसवायला. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

परीक्षितला कळवलं, लेख जमत नाही. तारखेआधी दोन दिवस! असं मी कधी कुणाला केलं नव्हतं. त्याने लिहिलं, "ताई, सगळं ठीक?" मी बॅग भरायला घेतली.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

डेट्रॉइट विमानतळ. त्र्यंबक सोडायला आला होता. बॅग उतरवली, "पोचलीस की कळव" म्हणाला आणि गेला. आता जवळ कुणी नाही, म्हणून लिहिते. माझी आई आजारी माणसाला बकऱ्याचा पाया उकळून द्यायची. हाडाचा उतरलेला रस मी झोपेतही ओळखेन. अठ्ठ्याण्णव साली ओर्साटीत पहिला घोट घेतला तेव्हाच ओळखला. जोनला विचारलं ते त्यानंतर, आणि ती 'नाही' म्हणेल अशाच शब्दांत विचारलं. वर तिचा गुडघा दुखतोय का, हेही विचारलं, म्हणजे विषय बदलेल.

त्र्यंबकला बारा वर्षं माहीत होतं. मला सत्तावीस.