फायरवॉल मीच बसवणार

२३ सप्टेंबर
फौंड्रीत फायरवॉलची पेटी आली. ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर तिला जोडायचे, बाहेरचे चोर तिने अडवायचे. जो नीट बसवेल तो सिस्टीम इन्चार्ज, असं विजयसिंह साहेब म्हणाले. शिरोलीत इतकी वर्षं कॉम्प्युटर मीच बघतोय, त्यात विचारायचं काय? नवी आलेली सुष्मिता मदत करू का म्हणाली. नको म्हणालो. साहेब तिला ‘मॅडम’ म्हणतात. मला अजून ‘बाळ्या’.

२४ सप्टेंबर, संध्याकाळ
नेट गेलं. केबल चुकीच्या भोकात. पेटीचाच दोष, सगळी भोकं सारखी. काका, शेजारच्या पोर्टात घाला की, असं सुष्मिता जाता जाता म्हणाली. घालणारच होतो. आणि काका कुणाला?

२६ सप्टेंबर
लोकल नेटवर्क चालू! पेटी चालू झाली की जो कॉम्प्युटर आधी सुरू होईल त्याला ती पहिला नंबर देते. सुष्मिता लवकर येते, म्हणून पहिला नंबर तिचा. प्रत्येकाला कायमचा नंबर बांधून द्या म्हणत होती. उगाच शहाणपणा. पेटी मी बसवली आणि साहेबांनी केबिनमध्ये चहा तिला पाजला. मी जळत नाही. फक्त डबा गेला नाही.

३० सप्टेंबर
पेटीत नियम घालून पहिल्या नंबरचं नेट बंद केलं. नियमाला नावही दिलं, ‘सुष्मिता बंद’. मॅडम दिवसभर केबल हलवत होत्या. फार बरं वाटलं. उद्या पूजेनंतर साहेबांदेखत मीच चालू करून देणार.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
रिवाजाप्रमाणे भट्टीपासून प्रिंटरपर्यंत, पेटीसकट सगळं बंद करून पूजा. पेटीला झेंडूचा हार मीच घातला. मग पहिला मान साहेबांचा. त्यांनी लॅपटॉप सुरू केला, पेटीने पहिला नंबर त्यांना दिला. पुण्याच्या पार्टीबरोबर ऑनलाइन मीटिंग, आणि नेट बंद. बाळ्या, नेट कुठं गेलं रं, म्हणून साहेब ओरडले. सुष्मिताचं मात्र फटाफट चालू! तिने पेटीचं सेटिंग उघडलं. साहेब मागेच उभे. नियमाचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं. मग म्हणाले, मॅडम, आजपास्नं इन्चार्ज तुम्हीच.
घरी संयोगिताला सांगितलं, मी इन्चार्ज झालो. सणासुदीला बायकोचा मूड कशाला घालवा?

२ ऑक्टोबर, दसरा
सुष्मिता सोनं द्यायला घरी आली. पाया पडली. संयोगिताने पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. घे बाई, आमचं हे इन्चार्ज झालं न्हवं का, म्हणाली.
सुष्मिताने माझ्याकडे बघितलं. पेढा घेतला. अभिनंदन काका, म्हणाली.
मला मान वर करवेना.