ढिगाचा ताप

१४ नोव्हेंबर

प्रिय ढब्बू,

अनेक आशीर्वाद. तू आता चाळिशीला टेकलीस आणि ऑफिसात लोक तुला मॅडम म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पाकिटावर तुझं खरं नाव घातलंय, आत मात्र ढब्बूच राहू दे.

इकडे आम्ही ठीक. थंडी पडायला लागलीय. माझे कान होते तसेच. लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीत मोटारींनी खाल्ले ते खाल्ले. फोनवर मी सारखं काय-काय करतो आणि तू वैतागतेस, म्हणून हा कागद. शिवाय फोन तुझ्या आईच्या उशाशी असतो आणि मला हळू बोलता येत नाही.

एक विचारायचं होतं. आईचा खताचा ढीग. लहानपणी सालांची बादली घेऊन तूच तिच्या मागे मागे फिरायचीस, म्हणून तुला विचारतो. तिनं अंथरूण धरल्यापासून ते लोढणं माझ्या गळ्यात आलंय. नवा ढीग रचताना तिनं मला सगळं पढवलं. तळाला काटक्या, त्यावर सालं, देठं, चहाचा चोथा, मग वाळका पाला. मूठभर उचलून दाबलं तर पिळलेल्या फडक्याइतकी ओल हाताला लागली पाहिजे. मधूनमधून लोखंडी पंजानं खालवर करायचं. शिजवलेलं अन्न टाकायचं नाही, नाहीतर उंदरांना आमंत्रण. मी सगळं सांगितल्याप्रमाणे करतो. तरी ढीग थंडच.

तिची सळई आठवते? ढिगात खुपसून ठेवायची, थोड्या वेळानं ओढून काढायची आणि मनगटाला लावून बघायची. वॉर्डात जन्मभर लोकांचे ताप उतरवले, आता ढिगाचा चढवते, असं म्हणायची. अजूनही मी चहा घेऊन गेलो की पहिला प्रश्न तोच, आज ताप किती? मी म्हणतो, आहे की, चांगला आहे. खरं तर सळई जशी गार आत जाते तशीच गार बाहेर येते. एवढ्याशा गोष्टीसाठी रोज खोटं बोलावं लागतंय बघ.

बाकी तिचं बरं चाललंय. सकाळी गोळीबरोबर केळं घेते. अर्धं खाते, उरलेलं सालीत नीट गुंडाळून स्वतःच्या हातानं बादलीत टाकते. तेवढंच आपलं काम, म्हणते. गोळी मी स्वतः तिच्या हातावर ठेवतो, तेव्हा ती काळजी नको. या गोळ्यांवर ती उन्हाळा सहज बघेल असं डॉक्टर म्हणाले आहेत, आणि तुझी रजाही तेव्हाच आहे. नवी नोकरी आहे, उगाच साहेबांच्या डोळ्यांवर येऊ नकोस. सवडीनं ये.

ढिगाचं तेवढं कळव.

तुझे बाबा


३ डिसेंबर

प्रिय ढब्बू,

आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं. ढीग कोरडा पडला असेल, असं तू लिहिलंस. बरोबर निघालं. सगळं सांगितल्याप्रमाणे करतो, असं मी लिहिलं होतं, ती थाप होती. ढीग तिच्या खिडकीखाली आहे. तिला वासानं मळमळतं, म्हणून मी पाला भरमसाट घालत होतो आणि पाणी जवळजवळ बंदच केलं होतं. म्हटलं, खत नाही झालं तर नाही झालं.

तुझं पत्र वाचून रविवारी पंजा घेतला आणि अख्खा ढीग गोणपाटावर उपसला. आत काही कुजलंच नव्हतं. केळ्याची सालं काळी पडून चामड्यासारखी वाळली होती. एक साल उलगडली तर आत काहीतरी गुलाबी दिसलं. मला वाटलं, सदऱ्याचं बटण पडलं असेल. दुसऱ्या सालीतही तेच. मग मी खाली बसलो आणि एकेक साल उघडत गेलो.

तिच्या गोळ्या होत्या, ढब्बू. मी रोज सकाळी तिच्या हातावर ठेवत होतो त्या.

वॉर्डात गोळी लपवणारे पेशंट तिनं किती पकडले ते तुला माहीत आहे. जिभेखाली, गालात, उशीच्या अभ्र्यात. तिच्यापुढे कोणाची डाळ शिजली नाही. माझ्यासमोर ती रोज पाण्याचा घोट घ्यायची आणि वर गंमत म्हणून तोंड उघडून दाखवायची. मी हसायचो. ढीग नीट तापला असता तर गोळ्या केव्हाच विरघळून मातीत गेल्या असत्या. त्या भरवशावरच तिनं त्या तिथे टाकल्या होत्या. मी काम चुकवलं म्हणून मला कळलं.

सापडल्या तेवढ्या वाटीत भरल्या आणि बूट न काढता तसाच आत गेलो. वाटी तिच्यासमोर धरली. मला वाटलं, रडेल, नाहीतर नाकबूल करेल. तिनं वाटीतली एक गोळी चिमटीत धरून बघितली.

"पाणी घातलं नाहीत ना?" म्हणाली.

मी पलंगाच्या कडेला बसलो. मग ती सावकाश बोलत होती आणि मी तिच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत होतो. या गोळ्यांनी ती बरी होणार नव्हती, नुसते दिवस लांबणार होते, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गोळी पोटात गेली की दिवसभर ढवळायचं, डोळे उघडवायचे नाहीत. नाही घेतली की दुपारी थोडा वेळ बरा जायचा. त्या वेळात ती तुला फोन करायची. आईचा आवाज किती छान येतोय, गोळ्या लागू पडल्या वाटतं, असं तू मला म्हणाली होतीस. तो आवाज गोळ्या न घेतल्याचा होता. तुला हे लिहू नये असं मला फार वाटलं, पण दुसऱ्या कोणाला लिहू?

मी भांडलो तिच्याशी. आजारी माणसाशी कोणी भांडू नये, मी भांडलो. मला का नाही सांगितलंस, मी इथे काय खांबासारखा उभा होतो का, असं बरंच काही बोललो.

"तुम्ही रोज विनवण्या केल्या असत्या," ती म्हणाली, "आणि मी घेतल्या असत्या."

केल्याच असत्या मी. पाय धरले असते.

डॉक्टर येऊन गेले. आता गोळ्या पुन्हा सुरू करून काही उपयोग नाही म्हणाले. उन्हाळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. दुखणं कमी व्हायचं औषध तेवढं दिलंय, ते मात्र ती घेते. दाराशी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मुलीला बोलावून घ्या. तुला कळवणार नाही अशी शपथ तुझ्या आईनं माझ्याकडून घेतली होती, तुझी नोकरी नवी आहे म्हणून. ती शपथ मी मोडतोय. दोनदा फोन उचलला, पण ती समोर पडलेली आणि मला हळू बोलता येत नाही, तसाच खाली ठेवला. म्हणून हे जलद टपालानं टाकतोय.

ढीग पुन्हा रचला. ती खिडकीतून सांगत गेली आणि मी थर घालत गेलो, या वेळी पाणीसुद्धा घातलं. आता चांगलाच तापलाय, सकाळी वाफा निघतात. काल सळई आत नेऊन तिच्या मनगटाला लावली. तिनं डोळे मिटले आणि 'आहे' म्हणाली. मग खत तयार झालं की कुठल्या वाफ्याला किती घालायचं, तू लावलेल्या लिंबाला किती, हे सगळं सांगितलं. त्या सगळ्या बेतात ती स्वतः कुठेच नव्हती. मी हो-हो म्हणत राहिलो.

मला ती बाग नको आहे, ढब्बू. त्या खतावर उगवलेलं काही मला गिळवणार नाही. तरी रोज पंजा मारतो, कारण ती संध्याकाळी विचारते. ज्या दिवशी विचारणार नाही त्या दिवशी मी या घरात काय करायचं ते मला कळत नाही. लिफ्ट मध्येच अडकली की आतल्या माणसाला मी वरून ओरडून सांगायचो, घाबरू नका, आलोच. तसं मला सांगणारं इथे कोणी नाही.

सवडीनं ये, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते पत्र फाडून टाक. हे हातात पडेल तशी नीघ, कपडे नंतर बघू.

आणि आलीस की धावत तिच्या खोलीत जाऊ नकोस. तुझे हात लहानपणापासून गार असतात आणि तिला आता गार सोसत नाही. आधी मागच्या अंगणात ये. मी तिथेच असेन. ढिगात हात घालून गरम कर, मग आपण दोघं आत जाऊ.

वाट बघत बसलेले,
तुझे बाबा