दुपट्ट्याखालची बोटं

३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कारण माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय आणि पुरावे लिहून ठेवलेले बरे. कुणालाही दाखवायची नाही. विमलाला तर मुळीच नाही. चाळीस वर्षं संसार केला म्हणून बायको संशयाच्या बाहेर जात नसते.

पुरावा पहिला. विमला चहा थंड देते. कप हातात धरला तर काही लागत नाही. तोंडाला लावला की जीभ पोळते. वरून थंड आणि आतून गरम. हे ती कसं जमवते, लक्ष ठेवणे.

पुरावा दुसरा. मारुतीच्या देवळातून घरी आलो तर उजव्या पायातली चप्पल गायब. चालत्या माणसाच्या पायातून चप्पल काढणारा चोर साधा नव्हे. तासाभराने शेजारचे बबनराव ती घेऊन हजर. म्हणे रस्त्यात पडली होती. मी काही विचारलंच नव्हतं, तरी शपथ घेत होते. चोराच्या मनात चांदणं.

५ नोव्हेंबर, सकाळी
उद्या बैलबाजार. लक्ष्मणरावांची जोडी विकायला माझ्या हातात आहे. जोडी देखणी, आणि लक्ष्मणरावांचा माझ्यावर डोळे मिटून विश्वास. नाचणगाव ते कारंजा, माझ्यासारखा दलाल नाही. हे मी नाही, लोक म्हणतात. म्हणायचे.

आमचा भाव तोंडाने होत नाही. दुपट्टा टाकायचा, खाली हात धरायचे. जितकी बोटं धरली तितका भाव. आजूबाजूला शंभर माणसं असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. एकदा पक्का म्हटलं की फिरायचं नाही. आणि ज्याच्या बोटांची जाण गेली त्याने दुपट्टा खुंटीला टांगायचा, असा बाजाराचा रिवाज. माझ्या दुपट्ट्याला खुंटी माहीत नाही.

टीप: शर्टाची बटणं लागत नाहीत. शिंप्याने काजं लहान केली आहेत. जाब विचारणे.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी
दगा.
गिऱ्हाइकाच्या बाजूने बंडूजी होता. माझ्याएवढाच जुना दलाल. दुपट्ट्याखाली त्याने चार बोटं धरली. मला स्पष्ट लागली. मी पक्का म्हणालो. दुपट्टा काढल्यावर बंडूजी म्हणतो दोनच धरली होती. सौदा दोनवर गेला. लक्ष्मणराव बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला फार लागलं ते.
मी चुकणं शक्य नाही. म्हणजे बंडूजी फिरला.

८ नोव्हेंबर
नात सुरभी आली आहे. वर्ध्याला नर्सिंग शिकते, तिथेच सिंदी मेघेला खोली करून राहते. तिला आडून आडून विचारलं की स्पर्श माणसाला कळतो कसा. बंडूजीचं नाव घेतलं नाही.

ती सांगत सुटली. बोटांच्या कातडीत स्पर्श ओळखणाऱ्या नसांची टोकं असतात. दाब पडला की त्यातून विजेसारखा निरोप निघतो, हातातून मणक्यात, तिथून मेंदूत. पण एक पेशी दुसरीला चिकटलेली नसते. मध्ये बारीकशी फट. तिला सिनॅप्स म्हणतात. अलीकडची पेशी फटीत रसायन सोडते, पलीकडची ते झेलते, मग निरोप पुढे.

मी म्हटलं, म्हणजे मध्ये दलाल. ती हसून म्हणाली, तसंच समजा आबाजी.

मी हादरलो. दलालीत जन्म गेला माझा. जिथे दलाल तिथे घोळ होणारच. आपल्या अंगात एवढे दलाल बसलेत आणि मला कुणी सांगितलं नाही.

सुरभी म्हणे, तुमचे दलाल ठीक असतील, पण शुगर वाढलेली असली तर आधी लांबच्या नसांची टोकं मरतात. पाय आधी, मग बोटं. आणि निरोप आला नाही तर मेंदू कधी कधी आपल्या मनातलंच भरून टाकतो. पोरगी हुशार आहे. पण बंडूजीची बाजू का घेते?

१० नोव्हेंबर
सुरभीने बळजबरीने वर्ध्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला डोळे मिटा, नायलॉनचा दोरा टेकवतो, टेकला की हो म्हणा. मी डोळे मिटून पडलो. बराच वेळ गेला. त्याने सुरुवातच केली नाही. शेवटी मीच म्हटलं, डॉक्टरसाहेब, करा की सुरू. तर म्हणतो झालं. तळपायही झाले, बोटंही झाली.
एकदाही हात न लावता फी घेतली. सुरभी खिडकीबाहेर पाहत होती. ती फितूर.
शुगर भरपूर निघाली. लॅबवाल्याने दुसऱ्याचं रक्त तपासलं असणार.
तरी संकल्प: जिलेबी आजपासून बंद.

११ नोव्हेंबर
जिलेबी खाल्ली. हॉटेलवाला पूर्वीसारखी गोड करतो का, तेवढंच पाहायचं होतं. करतो.

१२ नोव्हेंबर, रात्री
मोठा पुरावा हाती आला. विमलाने माझ्या बोटांवर चंद्रकोरीसारखे व्रण पाहिले. काही जुने, काही ताजे. नखांचे. मला कधी दुखलं नाही, पण ते महत्त्वाचं नाही. बंडूजी दुपट्ट्याखाली नखं मारतो. उद्या भरबाजारात उघडा पाडणार. भाषण पाठ केलं. विमला म्हणाली जाऊ नका. का म्हणाली, ते पाहावं लागेल.

१३ नोव्हेंबर
सगळे दलाल गोळा केले, बोटं दाखवली, भाषण केलं. मधला भाग विसरलो, पण जोर होता.
बंडूजी मान खाली घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "रूपराव, दोन मौसम झाले, तुले कळत नाई म्हणून नख लावून सांगून राह्यलो मी. त्या दिवशी तुह्या बोटातून रक्त आलतं, म्हणून नख न लावता हलकं धरलं. चुकलं माहं."
स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. खटला मी जिंकलो.
कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. एकाने माझा पडलेला दुपट्टा उचलून खांद्यावर ठेवला. तो कधी पडला होता?
जेवलो नाही.

१५ नोव्हेंबर, सकाळी
दोन दिवस विचार केला. बंडूजी भला माणूस असेलही, पण माझी बोटं शाबूत आहेत. आज घरीच सिद्ध करायचं ठरवलं. विमला कणीक मळत होती. तिला म्हटलं, ये, समोर बस, दुपट्ट्याखाली माझी बोटं धर, किती धरलीस ते मी सांगतो.
दुपट्टा टाकला. हात आत घातला. डोळे मिटले.
लगेच लागली. घट्ट, स्पष्ट, जुन्या दिवसांसारखी. फार आनंद झाला. म्हटलं, तीन.
विमला म्हणाली, "थांबा ना जी, हात तं पुसू द्या."
डोळे उघडले. तिच्या दोन्ही हातांना कणीक लागलेली होती.
दुपट्ट्याखाली माझा एकट्याचाच हात होता.