आधी टॅब कोणता ते ठरू द्या

नागपूर,
सोमवार, ९ फेब्रुवारी

प्रिय अंकुश,

पत्र बघून घाबरू नकोस, बाबांची तब्येत बरी आहे. तू शनिवारी येतोयस हे काल घरच्या ग्रुपवर टाकलंस. बाबांनी ते वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं आणि उठून पिशवी भरायला घेतली. दोन पायजामे, टॉवेल, गळ्याच्या छिद्रावर बांधायचे रुमाल. शनिवारी सकाळच्या बसने ते काटोलला रुखमाबाई आत्याकडे चाललेत आणि तू बंगलोरला परत गेलास की येणार आहेत. पाटीवर तसं ठसठशीत लिहून ती त्यांनी फ्रिजला टेकवून ठेवलीय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. हे तुला फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला ओरडायला लागतो आणि ग्रुप बाबा वाचतात. म्हणून कागद घेतला. इथे तुला मध्येच "ताई, लॉजिकली बघ" म्हणता येत नाही, तेवढंच सुख.

तू मला तीनदा विचारलंस की बाबा माझ्याकडे बघत का नाहीत, व्हिडिओ कॉल लावला की तोंड का फिरवतात. तिन्ही वेळा मी म्हणाले, त्यांनाच विचार. ज्या माणसाचं स्वरयंत्र काढून टाकलंय त्याला विचार म्हणून सांगणारी मी! पण माझा राग तसाच होता आणि अजूनही आहे. आधी तो ऐकून घे, मग पुढचं सांगते.

मेघा मॅडम तुला आठवतात का? दवाखान्यातल्या, बोलायला शिकवणाऱ्या. तू त्यांना भेटलाच नाहीस, फक्त त्यांचा नंबर मागून घेतलास आणि कोणतं ॲप, कोणतं व्हर्जन म्हणून त्यांचं डोकं खाल्लंस. ऑपरेशनच्या बारा दिवस आधी त्यांनी मला आणि बाबांना समोर बसवलं. म्हणाल्या, आवाज बसलाय पण अजून तुमचाच आहे, तेव्हा रोज लागणारी वाक्यं आत्ताच टॅबमध्ये बोलून ठेवा. नंतर बोट ठेवलं की तुमच्याच आवाजात वाक्य येईल. त्यांचं ॲप अँड्रॉइडवर आणि तुझ्या त्या सफरचंदवाल्यावर, दोन्हीकडे चालत होतं, पण एकीकडे भरलेला आवाज दुसरीकडे नेता येत नव्हता, त्यामुळे टॅब कोणता ते आधी ठरवायचं होतं. "कोणताही घ्या," त्या म्हणाल्या, "पण आजच घ्या." इतकं सोपं वाक्य. ते मी तुला जसंच्या तसं सांगितलं होतं.

त्याच संध्याकाळी मी गांधीबागेतलं दुकान लवकर सोडलं आणि तुझ्या भाऊजींना, सुशीलला घेऊन सीताबर्डीवर गेले. अँड्रॉइडचा टॅब घेतला. आपल्या घरात सगळ्यांचे फोन तसलेच, माझ्या काजलला त्यातलं बटण न् बटण ठाऊक, काच फुटली तर बर्डीवर तासाभरात बदलून मिळते. एवढाच विचार केला. घरी येऊन तुला फोटो पाठवला, तर तू काय म्हणालास? "ताई, ते भंगार आधी परत कर." कौतुक नाही, बाबा कसे आहेत नाही, एकदम भंगार. मग तुझा तक्ता आला. एका बाजूला तुझा सफरचंदवाला, दुसऱ्या बाजूला माझा, आणि खाली बारा ओळी. आवाज, स्क्रीन, बॅटरी, किती वर्षं टिकेल, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत 'मी इथून सगळं सेट करून देईन'. बाबांचं गिळणं बंद होत चाललं होतं, मी पेज गाळून पाजत होते आणि तू बंगलोरहून उंटावरून शेळ्या हाकत होतास. बरं, हाकायच्या तर पटपट हाक. तेही नाही! नवीन मॉडेल येतंय म्हणे, आठवडाभर थांबू, म्हातारा माणूस रोज वापरणार तर बेस्टच घेऊ. तुझी बायको, रितिका, मागून म्हणाली होती की आधी जुना तरी पाठव, मी ऐकलं. तू तिलाही गप्प केलंस.

तू म्हणशील मीही कमी भांडले नाही. भांडलेच. तुला म्हटलं, दोन वर्षांत बापाला दोनदा भेटलास आणि आता त्याच्या आवाजाचा मालक व्हायला निघालास. तू म्हणालास, ताई, तुला नवं काही कळत नाही म्हणून तू घाबरतेस. मी म्हटलं, तुझ्या त्या खात्यात बाबांना बंद करून ठेव आणि किल्ली बंगलोरला ठेव. चौथ्या दिवशी तू फोन आपटलास, पाचव्या दिवशी मी. आणि खरी गंमत माहीत आहे? साध्या मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवावं हे आपल्या दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. तू इंजिनिअर, मी दिवसाला दहा व्हॉइस मेसेज पाठवणारी बाई. दोन शहाणे आणि घरात उजेड असा.

तो आवाज कुठला होता ते तुला नव्याने सांगायला नको, तरी सांगते, कारण तू विसरलास असं मला वाटतं. कळमन्याच्या मार्केटात तीस वर्षं संत्र्याच्या हर्रासात लिलावाची हाळी देणारा माणूस. पालथ्या क्रेटवर उभं राहून, "बोला गा बोला, काटोलचा माल हाय, पोटात साखर हाय," म्हटलं की पलीकडच्या शेडमधले व्यापारी माना वळवायचे. काटोलचे शेतकरी ट्रकमधून उतरून विचारायचे की रुपराव आहेत ना आज, मगच माल खाली करायचे. भाव वर चढवताना त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली यायचा, म्हणून माणसं जवळ यायची. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन त्यांनीच त्या गळ्याची माती केली, ते आहेच. पण उरलेला बारा दिवसांचा आवाज आपण मातीत घातला.

ऑपरेशनच्या सकाळी सात वाजता त्यांना आत नेलं. तुझं विमान साडेआठला उतरलं. नऊ-सव्वानऊला तू दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये आलास, हातात तो पांढरा डबा, अजून प्लास्टिक काढायचं होतं. मला म्हणालास, "मिळाला एकदाचा." त्या क्षणी मी तुझ्या थोबाडीत मारली नाही याचं श्रेय सुशीलला आहे, त्याने माझा दंड धरून ठेवला होता.

आता तो टॅब काय करतो ते ऐक. बाबा बोटाने एकेक अक्षर दाबतात आणि एक बाई बोलते, "कृपया मला पाणी द्या." कृपया! बाबांनी जन्मात कुणाला कृपया म्हटलं नसेल. पहिल्या दिवशी काजल हसली, बाबाही हसले, दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो उशीखाली सरकवला. घशाला लावायचं ते थरथरणारं यंत्र दवाखान्याने दिलं होतं, ते एकदा लावून पाहिलं आणि भिंतीवर फेकलं. आता पाटी आणि पेन्सिल. मार्केटातले मनोहरराव भेटायला आले होते, तासभर दोघं समोरासमोर बसले. जाताना मनोहरराव मला दारात म्हणाले, "पोरी, बोलत नाई तं नाई, पन हा मानूस मान भी वर करून नाई राहिला वं." मी चहाचे कप उचलले आणि आत गेले.

इथवर जे लिहिलं ते सगळं खरं आहे. तू उशीर केलास, तू ताठ वागलास, तुला बाबांपेक्षा मॉडेलची काळजी होती, यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पण बाबांनी तोंड फिरवलंय ते एवढ्यासाठी नाही. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी, तू परत गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी पाटीवर मला विचारलं की मी रोज मागत होतो, मग मला टॅब का दिला नाहीस? मी म्हणाले, घरात नव्हताच बाबा, अंकुशने माझा परत करायला लावला आणि त्याचा वेळेवर आला नाही. त्यांनी पाटी पुसली. त्यानंतर त्यांनी तुझं नाव लिहिलेलं नाही.

अंकुश, टॅब घरात होता. परत केला असं मी तुला सांगितलं, तुझं तोंड बंद व्हावं म्हणून, आणि तेच पुढे बाबांना सांगितलं. तो माझ्या कपाटात साड्यांखाली होता, पूर्ण चार्ज केलेला. काजलने पहिल्याच रात्री त्यात मेघा मॅडमचं ॲप टाकून ठेवलं होतं, नंतर तिलाही मी परत केला म्हणूनच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खाटेवर बसले होते आणि म्हणाले, "आन वं तो तुहा डब्बा, बोलून टाकतो मी." मेघा मॅडमनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी वाक्यांची यादीसुद्धा केली होती, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. मी ती हातात घेतली आणि वाचली. माझ्यासाठी अकरा वाक्यं होती. चाय टाक वं. माह्या गोळ्या कुठं ठेवल्या वं. टीव्हीचा आवाज कमी कर. दार लावून घे. आणि खाली तुझी. जेवला का गा बाबू. लय काम करत नको जाऊ. थंडी हाय का तिकडं. कधी येतं गा, लय दिवस झाले. आई गेल्यापासून सात वर्षं मी त्यांचं करते आहे, आणि मला दार लावून घे, तुला बाबू. मी यादीची घडी घातली आणि म्हणाले, "थांबा, तुमच्या लाडक्या लेकाला सफरचंदवालाच पाहिजे, आधी टॅब कोणता ते ठरू द्या." तिसऱ्या दिवशी ते परत म्हणाले, "काहून वं, आज भी नाई?" सातव्या दिवशी परत. दर वेळी मी तुझं नाव घेतलं. कपाट चार पावलांवर होतं. मला वाटलं होतं, एक-दोन दिवस रखडवू, तुझ्यामुळे उशीर झाला हे त्यांच्या नीट ध्यानात येऊ दे, मग काढू. मग तपासण्या आल्या, रक्त आलं, आवाज पुरताच बसला आणि दिवस संपले.

म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर उद्या मी ते नाकारलं असतं, मी स्वतःला ओळखते. आता माझ्या अक्षरात आहे. स्पीड पोस्टाने गुरुवारपर्यंत तुला मिळेल, आणि एकदा पेटीत पडलं की मला मागे फिरता येणार नाही. शुक्रवारी रात्री बाबांना सांगायचं मी ठरवलं आहे. आज सकाळीही ठरवलं होतं, त्यांच्यासमोर बसले आणि पोह्यात मीठ बरोबर आहे का विचारून उठले. तेव्हा तू शनिवारची वाट बघू नकोस, शुक्रवारीच ये, आणि मी तोंड उघडलं नाही तर हा कागद त्यांच्या हातात दे. बाबांची ती कॅलेंडरवरची यादी सोबत जोडली आहे, ती तुझी आहे, माझ्याकडे ठेवण्याचा मला हक्क नाही. हे वाचल्यावर ते तुझ्याकडे बघतील. माझ्याकडे बघणं बंद करतील. ते मला चालेल असं लिहिणार होते, पण नाही चालणार, अंकुश. तरी ये.

भांडायला का होईना, तुझीच
सरिताताई