जाळीतल्या अक्षता

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

आणलं — कॉम्प्युटरच्या पडद्याची केबल १, रु. १८०. नारळ २, रु. ७०. समईचं तेल, रु. ९५. रिक्षा नाही, चालत गेले-आले.

केबलचे एकशेऐंशी पाण्यात! लावली तरी पडदा काळा तो काळाच. दुकानदार फोनवर म्हणाला होता, "केबलच असणार, ताई." असणार!

परवा दसऱ्याला पूजा केली तोवर चांगला चालत होता. संध्याकाळी ह्यांनी बटण दाबलं — दिवा लागला, आत घरघर झाली, एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या वाजल्या. चित्र नाही. तेव्हापासून रोज तेच. एक लांब, दोन आखूड.

हे रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करतात, आता चौथी पिढी. कोण आला, कुठून आला, कोणासाठी आला, आणि खाली ज्याची त्याची हातची सही — अशा आमच्या वह्या. २०१६च्या पुरात सगळ्या भिजल्या. त्या हिवाळ्यात ह्यांनी एकेक पान गच्चीवर वाळवलं, त्याचा फोटो काढला आणि ह्या कॉम्प्युटरात ठेवला. पानं पुढे कुजली, ती गोदावरीत सोडली. म्हणजे आता एकशेतीस वर्षांची नावं ह्या एका लोखंडी डब्यात. दुसरीकडे कुठेही नाहीत!

ह्यांनी आज दुसरी पोळी मागितली नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

देवळ्याहून कुसाबाईंचा फोन. त्यांचे यजमान सावळीराम शुक्रवारी गेले. कांदा करणारी माणसं. सिंहस्थात, २०१५ साली, दोघं आमच्याकडे आली होती. दहावा येत्या रविवारी इथेच करायचा म्हणतात.

"ताई, त्यांची सही हे ना तुमच्या वहीत? लिहिता येत नव्हतं त्यांना, सही तेवढी शिकले होते. फोटो लय हायेत घरात. पण हातचं कायबी नाय. मला ती सही बघायची."

"आहे, या," म्हणून बसले.

फोन ठेवला. काय दाखवू? काळी काच?

सोमवार, ६ ऑक्टोबर

शेजारच्यांनी सुचवलं, आतली डिस्क काढून दुकानात न्या, ते दुसऱ्या मशीनवर बघतील. हे एकच वाक्य बोलले — "वह्या घराबाहेर जात नाहीत." सासऱ्यांचा नियम. वहीचा डबा झाला, तरी नियम तोच. मलाही तेच बरोबर वाटतं. ज्याला यायचं त्याने इथे यावं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

निकिता आली. नाशिक रोडची, घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते. पाठीवर पिशवी, पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, रंगाचा ब्रश आणि चक्क शाळेतलं खोडरबर! ती शिट्टी ऐकून लगेच म्हणाली, "काकू, हे मशीन आठवडाभर तुम्हाला ओरडून सांगतंय. एक लांब, दोन आखूड म्हणजे ग्राफिक्स कार्डाची तक्रार."

आम्ही रोज ऐकत होतो. कळलं नाही.

मग तिने झाकण काढलं. तेरा वर्षं ह्या डब्याला मी हळद-कुंकू लावते, पण आत काय आहे हे आज पाहिलं. देवा! हिरव्या पाटीवर गंगाघाटच मांडलेला — बारीक बारीक देवळं, पायऱ्या, चौथरे, आणि मधून केसाएवढ्या सोनेरी वाटा. एकही वाट दुसरीला अडवत नाही. कोणी आखलं असेल हे? मी पदर सारखा केला आणि हात जोडले. निकिता हसली नाही. चांगल्या घरची आहे.

तिने आधी डब्याच्या पत्र्याला हात लावला — अंगातली वीज उतरावी म्हणून. देवघरात जाण्याआधी आपण पाय धुतो, तसंच की! मग एक खटका दाबून ते कार्ड उपसलं. उलटं केलं. पंख्याकडे बघत राहिली.

"काकू, तुम्ही ह्याला जेवायला घालत होतात का?"

पंख्यात अक्षता. माझ्या! पात्यांत अडकलेल्या, तुपाने आणि काजळीने चिकटलेल्या, कुंकवाने लाल. तेरा दसरे मी झाकणाच्या जाळीवर अक्षता वाहिल्या. पूजेला सोयीचा म्हणून डबा आडवा ठेवायचा हट्टही माझाच. जाळीतून एकेक दाणा आत जात होता. पंखा अडला, कार्ड तापत तापत जळलं.

निकिताने कार्डाची खालची सोनेरी पट्टी खोडरबराने घासून पाहिली, परत बसवलं. एक लांब, दोन आखूड.

हे म्हणाले, "अख्ख्या नाशकात कॉम्प्युटरला नैवेद्य दाखवणारं आमचंच घर!" बोलले थट्टेने. मला हसू येईना. एकशेतीस वर्षांची नावं, आणि ती बुडवणारा हात माझा?

निकिताने माझं तोंड पाहिलं असावं. "काकू, आतलं सगळं शाबूत आहे. डिस्कला काही झालेलं नाही. फक्त दाखवणारा गेलाय. हे मशीन अंबडच्या कुठल्या ड्रॉइंग ऑफिसातलं ना? ह्यात चित्र दाखवायची दुसरी सोयच नाही, सगळं ह्या कार्डावर. दुसरं घालू."

सगळं आत आहे, दिसत मात्र नाही. आयुष्यभर कीर्तनात ऐकलं ते ही पोरगी स्क्रू पिळता पिळता सांगून गेली.

सतरा दाणे निघाले. वाटीत काढून तुळशीत घातले.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

बाळाजी आठवतोय. त्याचंही नाव त्याच डब्यात आहे.

माझा धाकटा भाऊ. पाठचा एकुलता. अठराव्या वर्षी अण्णांशी, आमच्या वडिलांशी, भांडून घरातून गेला, १९९३ साली. माझ्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. बारा वर्षं वाट पाहिली. मग अण्णांनीच सांगितलं, आता क्रिया करा. पळसाच्या पानांचा देह केला आणि ह्यांनीच रामकुंडावर मंत्र म्हटले — स्वतःच्या मेव्हण्यासाठी. वहीत नोंद झाली. अण्णांनी सही केली. पुढे सहा वर्षांनी तेही गेले.

तेव्हापासून दर पितृपक्षात बाळाजीचं पान वाढते. ह्या वर्षीही वाढलं. खीर जास्त घालते, त्याला आवडायची. 'ळ' असा काढायचा की जणू दोन लाडू शेजारी ठेवलेत! अण्णा मारायचे, तरी तसाच. मी त्याला लाडूशेठ म्हणायचे.

शुक्रवार, १० ऑक्टोबर. संकष्टी

आणलं — ग्राफिक्स कार्ड १, वापरलेलं, रु. १,९००. नवं साडेचार हजारांच्या पुढे, आणि आपल्या मशीनची वीज त्याला पुरणार नाही म्हणाली. निकिताची मजुरी ३००. तिने २५० घेतले, "पन्नास अक्षतांचे," म्हणाली. टवळी!

बसवताना बारीक 'खट्' असा आवाज झाला. हे बटण दाबायला पुढे होईनात. मला म्हणाले, "तू दाब." मी अथर्वशीर्ष मनात म्हणत दाबलं.

एकच आखूड शिट्टी. आणि उजेड!

काय तो उजेड! निकिता सहज बोलून गेली — पडद्यावर वीस लाख ठिपके असतात, हे कार्ड प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ वेळा ठरवतं. मी हिशेबाच्या वहीच्या मागे गुणाकार केला. बारा कोटी. एका सेकंदात! लाख वाती वळायला मला दोन चातुर्मास लागले होते, आणि त्याचा मला केवढा अभिमान! हे एवढंसं कार्ड, माझ्या वितीएवढं, एका श्वासात किती वाती वळतं, आणि कोणाला सांगतही नाही.

पानं दिसली. सगळी आहेत. ह्यांनी चष्मा काढून पुसला, दोनदा.

निकिताने सगळ्याची एक नक्कल छोट्या डब्यात उतरवून दिली. "ही देवघरात ठेवा. पण अक्षता नको हं, काकू!" मलाही उंदीर हातात धरून पान उघडायला, मोठं करायला शिकवलं. तीनदा चुकले. चौथ्यांदा जमलं.

चंद्रोदयाला मोदक. गणरायाला एकवीस, निकितासाठी पाच बाजूला.

रविवार, १२ ऑक्टोबर

कुसाबाई आल्या. बरोबर सून. दहावा झाला, पिंडाला कावळा पटकन शिवला. मग आमच्याकडे.

सिंहस्थात गावागावाच्या वह्या वेगळ्या उघडायला वेळच नव्हता, एकच मोठी वही बाहेर ठेवलेली, येईल त्याने लिहावं. १० सप्टेंबर २०१५चं पान ह्यांनी काढलं. सावळीरामांची सही अर्ध्या पानावर, तिरकी, मोठ्या अक्षरांत.

कुसाबाई खुर्चीत बसेनात. उभ्याच राहिल्या. "ही बघा, 'म'ची दांडी मोडकी. तीच, तीच सही! सही शिकवणाऱ्या मास्तरीणबाई हसायच्या त्यांना."

बोट पुढे केलं, काचेवर ठेवलं. "गार लागती वो, गुरुजी." मग सुनेला म्हणाल्या, "तू बी लाव हात. सासऱ्याच्या पाया पडली समज."

सून म्हणाली, "आत्या, कागदावर काढून देतील ते." पण कुसाबाईंना आधी ती मोठी बघायची होती. "अजून मोठी करा. अजून." मी केली. हो, मी! पडदाभर सही झाली, शाईचा डाग भाकरीएवढा. बाई डोळ्यांतलं पुसत हसायला लागल्या. "जिवंतपणी येवढे मोठे कधी झाले नाय माझे मालक!"

आम्ही सगळेच हसलो आणि सगळेच रडलो. माझ्या हाताने गेलेलं देवाने असं परत दिलं.

ते पान मोठं करताना खालची ओळ अर्धी वर आली होती. त्यातलं एक अक्षर सारखं डोळ्यांसमोर येतंय. पाहुणे जेवायचे होते, पान बंद केलं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

सकाळी पूजेआधी एकटीने मशीन लावलं. तेच पान. सावळीरामांच्या खालची ओळ — बाळाजी सदाशिव, मु. पो. मंडलेश्वर, नर्मदाकाठ. वडिलांच्या श्राद्धासाठी. सदाशिव म्हणजे आमचे अण्णा. दोन लाडवांचा 'ळ'.

क्रियेनंतर दहा वर्षांनी केलेली सही!

माझी त्या वर्षीची वही काढली. त्या तारखेला माझ्याच अक्षरात: पानं मांडली ५४, जेवले ५३, एक जण न जेवता उठून गेला. तो ओसरीत होता. मी आत पोळ्या लाटत होते.

ह्यांना बोलावून दाखवलं. मग म्हणाले, "क्रिया झालेला माणूस जिवंत परतला, तर सगळे संस्कार पुन्हा करायचे असतात. बारशापासून. मी करीन."

पोस्टकार्ड लिहिलं, ते इथे उतरवून ठेवते:

चि. बाळाजीस सुधाताईचे अनेक आशीर्वाद. तुझी सही आज वाचली. त्या दिवशी पान मांडलं होतं, मला कोणी सांगितलं नाही. पत्ता दहा वर्षांचा जुना आहे, तरी हे तुला मिळो. तू ये. आलास की तुझं पन्नासाव्या वर्षी बारसं करायचं आहे, नाव मी कानात सांगीन. भाऊबीजेला दहा दिवस आहेत. यायला जमलं नाही तरी चालेल, पण उलट टपाली दोन ओळी पाठव. तुझ्या हातच्या.